शेवटचे पाच किलोमीटर

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सोलापूर ते विजापूर

वन्संकडची भाऊबीज झाली. "गाडी करून देते, चार दिवस ड्रायव्हर तुमच्याजवळ राहील," असं त्या कालपासून मागे लागल्या होत्या. पण आईंना बंद काचांच्या गाडीत अर्ध्या तासात मळमळायला लागतं. एसटीची खिडकी उघडी मिळाली, तर शहात्तराव्या वर्षीही त्या दिवसभर ताठ बसतात. शिवाय बदामीजवळची बनशंकरी आमची कुलदेवता. देवीला जायचंच आहे, तर वाटेत विजापूर आणि पुढे हंपी का नको, असा हा बेत. शहरातून शहरात जायचं ते बसने किंवा रेल्वेने, हे ठरलं.

सकाळी सोलापूर स्थानकावर विजापूरची एसटी लगेच मिळाली. तिकिटाच्या वेळी मात्र गणिताचा तास सुरू झाला. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट, बायकांना अर्धं तिकीट. पण दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे टाकळीला भीमेच्या पुलापर्यंत आई फुकट, मी आणि लेक अर्ध्या, धाकटा वयाने अर्धा, आणि नवरा तेवढा पूर्ण. पुलापलीकडे मुलगा सोडून सगळे पूर्ण. कंडक्टर रोजच हे करत असणार. मशीनवर बोटं आपटून त्यांनी तिकिटांची माळ काढली आणि नवऱ्याने हिशेब पडताळायच्या आत ते मागच्या सीटवर पोचलेही.

भीमा ओलांडली की धूळखेड, पुढे झळकी. शेतं तीच, काळी माती तीच, तुरीला तशीच पिवळी फुलं. खांबांवर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे अजून होते. अडीच-तीन तासांत विजापूर. शहराचं सरकारी नाव २०१४ पासून विजयपुर. कंडक्टर "बिजापूर, बिजापूर" म्हणूनच ओरडत होता.

स्थानकातल्या सगळ्या पाट्या कन्नडमध्ये. लेक तेरा वर्षांची. पुढे ज्या गावांना जायचं त्यांची कन्नड नावं तिने वहीत चित्रं काढावीत तशी उतरवून घेतली. आता आमची चौकशी खिडकी तीच.

६ नोव्हेंबर, बुधवार. विजापूर

गोल गुंबज सकाळी उघडल्याबरोबर गाठायचा, शाळांच्या सहली यायच्या आत. आम्ही पोचलो तेव्हा चार बस आधीच उभ्या होत्या. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून चिंचोळा जिना वर जातो. आई खाली हिरवळीवर बसल्या. वर घुमटाच्या आतल्या सज्जात पोरं किंचाळत होती, शिट्ट्या मारत होती, आणि प्रत्येक आवाज सात-आठदा परत येत होता. ज्या सज्जात भिंतीशी पुटपुटलेला शब्द समोरच्या टोकाला ऐकू जायचा, तिथे शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. तरी वर पाहिलं की गप्प व्हायला होतं. आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट, खाली एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनी दालन वर जाता जाता गोल करत नेलं आहे आणि सगळा भार भिंतींवर सोडून दिला आहे. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला तोवर हे काम चालू होतं. ज्याच्या चाकरीत शहाजीराजे होते तो हाच, हे धाकट्याला सांगितल्यावर त्याने कबरीकडे जरा नीट पाहिलं.

दुपारी रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, इब्राहिम रोज्याला. माझं मत विचाराल तर विजापुरात एकच जागा बघायची असेल तर ही बघा. गुंबज अंगावर येतो; रोजा जवळ बोलावतो. खिडक्यांना जाळी आहे ती दगडात कोरलेल्या अक्षरांची. तिथे गर्दी नव्हती.

मलिक-ए-मैदान तोफेशी मात्र घरचे सगळे रमले. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, ५५ टनांची. तोंडाशी सिंहाचा जबडा, त्यात चिरडला जाणारा हत्ती. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये विजापुरात आली. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असं सांगतात. "म्हणजे हीसुद्धा सोलापूरकडूनच आली," लेक म्हणाली. इंग्रजांनी १८५४ मध्ये ती दीडशे रुपयांना लिलावात काढली होती. नशीब, विक्री रद्द झाली.

विजापूरची एक सोय टिपून ठेवते. रेल्वे स्टेशन गुंबजाच्या पायथ्याशीच म्हणावं इतकं जवळ आहे. गाडीतून उतरून पायी जाता येतं. अशी गावं थोडी.

७ नोव्हेंबर, गुरुवार. विजापूर ते बदामी, रेल्वेने

जनरलचं तिकीट, लाकडी नव्हे पण तितकाच कडक बाक, आणि उघड्या खिडक्या. आई खूश. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर सदर्न मराठा रेल्वे कंपनीने हा होटगी-गदग मार्ग घातला. आईंच्या लहानपणी इथे मीटर गेजची, कोळशाच्या इंजिनाची गाडी होती. डोळ्यांत कोळशाचे कण जायचे म्हणून त्यांच्या आईने पदर तोंडावर धरलेला त्यांना आठवतो. ते सांगताना त्यांनी स्वतःच पदर तोंडावर घेतला आणि धाकट्याने त्याचा फोटो काढला.

आलमट्टीला गाडी कृष्णेवर आली. डबाभर माणसं खिडक्यांकडे सरकली. पाणी, पाणी आणि पाणी. सांगली-कोल्हापूरच्या पुराच्या बातम्यांत आपण हे नाव दरवर्षी ऐकतो, उंची वाढवण्याच्या वादात ऐकतो. पण जलाशयाच्या कडेने गाडी जाते तेव्हा त्या भांडणाचा आकार दिसतो. समोरच्या बाकावरचे गृहस्थ बागलकोटचे. त्यांचं जुनं घर या पाण्याखाली गेलं. ते मोडक्या हिंदीत, हातवारे करून, गल्ली कुठून कुठे जायची ते दाखवत होते. निम्मं जुनं बागलकोट असं उठून नव्या वसाहतीत गेलेलं आहे.

तीनेक तासांत बदामी. आणि इथे गंमत. बदामी स्टेशन बदामीत नाही! गाव पाच किलोमीटरवर. स्टेशनबाहेर बस उभी होती, ती आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, कारण तिची वेळ झाली होती आणि गाडीची वेळ तिला कोणी सांगितलेली नव्हती. मग रिक्षावाल्यांचं राज्य. विजापूरहून इथवर पाच माणसांना जितके पडले त्याच्या दुपटीहून जास्त त्यांनी पाच किलोमीटरचे मागितले. नवरा घासाघीस करत होता, आई पिशवीवर बसल्या होत्या. मी चौकशी केली तेव्हा कळलं की थोडं थांबलं तर माणशी भाड्याची वडाप मिळते. थांबलो. मिळाली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. बदामी

लाल दगडाच्या दोन टेकड्या, मध्ये अगस्त्य तळं, तळ्याच्या तीन बाजूंना गाव आणि देवळं. पहिल्या पुलकेशीने ५४३ मध्ये इथे किल्ला बांधला. पुढची दोनशे वर्षं नर्मदेपासून खालच्या मुलखाचा कारभार या खबदाडीतून चालला. माकडं अजूनही गादीवर आहेत. धाकट्याच्या हातातला बिस्किटांचा पुडा पहिल्या पायरीलाच गेला.

पहिल्या लेण्यापर्यंत आई चढल्या. अठरा हातांचा नटराज डोळे भरून पाहिला आणि म्हणाल्या, "पुढचे तुम्ही बघा." त्या खाली तळ्याच्या घाटावर जाऊन बसल्या. तिथे बायका कपडे धूत होत्या. तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा मंगलेशाचा लेख आहे, लेणं नेमकं केव्हा कोरलं ते सांगणारा. मोठाला बसलेला विष्णू, छताखाली खांबांना जोडलेली जोडपी. आम्ही तासाभराने उतरलो तर आईंना कन्नड येत नसताना घाटावरच्या बाईंचं माहेर, सासर, मुलगा कुठे असतो, सगळं कळलेलं होतं.

९ नोव्हेंबर, शनिवार. पट्टदकल, ऐहोळे, बनशंकरी

आज बसचा नेम मोडला. पट्टदकलला बस जाते. पण तिथून ऐहोळे, ऐहोळेहून परत, आणि संध्याकाळच्या आत बनशंकरी, हे बसवर विसंबून करायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला फाट्यावर उन्हात उभं करायचं. दिवसभराची रिक्षा ठरवली. मोठ्या गावांमधलं अंतर बसने काढावं. खेड्यापाड्यांत विखुरलेल्या देवळांसाठी तत्त्वनिष्ठा कामाची नाही.

ऐहोळेला मेगुटीच्या टेकडीवर ६३४ सालचा रविकीर्तीचा लेख आहे. दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला कसं हरवलं ते त्यात आहे आणि नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो स्वामी झाला, असंही आहे. महाराष्ट्राचा इतका जुना उल्लेख बघायला बागलकोट जिल्ह्यात यावं लागतं. लेक म्हणाली, "मग यांच्या राज्यात तिकीट एकच असेल." नवरा तिच्यावर बेहद्द खूश.

पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने बांधवलं, नवऱ्याने, दुसऱ्या विक्रमादित्याने, कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला म्हणून. साल ७४०च्या आसपासचं. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्याने इथे उभं राहावं; मांडणी ओळखीची वाटते. वेरूळकरांपुढे हा नमुना होता, असं अभ्यासक मानतात.

बनशंकरी. काळ्या पाषाणातली सिंहारूढ, अष्टभुजा. समोर हरिद्रातीर्थ, भोवती दगडी ओवऱ्या. आजचं देऊळ अठराव्या शतकातलं, परशुराम आगळे नावाच्या मराठा सरदाराने बांधवलेलं म्हणतात. आईंनी खण-नारळाने ओटी भरली. चार पिढ्यांची नावं घेऊन नमस्कार केला, त्यात माझ्या माहेरच्यांचीही घेतली, हे मी ऐकलं.

बाहेर झाडाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. "बर्री, ऊटा माडरी." टोपलीत पातळ, पापडासारख्या कडक ज्वारीच्या भाकऱ्यांची चळत. त्यातली एक हातावर, तिच्यावर वांग्याची भाजी, बाजूला अंबाडीची भाजी, शेंगांची चटणी, मोड आलेली मटकी, कच्चा कांदा, आणि मातीच्या बुडकुलीत घट्ट दही. ताट नाही, भाकरीच ताट. वाढणाऱ्या बाईंनी धाकट्याला न विचारता दुसरी भाकरी दिली आणि त्याने, जो घरी भाकरीला तोंड वाकडं करतो, ती मोडून खाल्ली. मी काही बोलले नाही.

रिक्षा इथेच सोडली. बदामीला परतताना बस मिळाली, खच्चून भरलेली, तीनचतुर्थांश बायका. कर्नाटकात २०२३च्या जूनपासून राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. आधारवर इथला पत्ता हवा. कंडक्टर शून्य रुपयाची तिकिटं फाडत आला. आमच्या आधारवर पुणे. आम्ही पैसे दिले. शेजारच्या बाईंना ते बघवलं नाही; आईंकडे बोट दाखवून त्या कंडक्टरशी जोरजोरात भांडल्या. तो हसून म्हणाला, "रूल आहे, अव्वा." बाईंनी शेवटी उठून आईंना जागा दिली.

१० नोव्हेंबर, रविवार. बदामी ते होस्पेट

गदगपर्यंत रेल्वे, पुढे बस. गदगहून होस्पेटला सोयीची गाडी संध्याकाळी होती. तितका वेळ फलाटावर काढण्यात अर्थ नव्हता. स्टेशनवर चहा घेताना नवऱ्याला भीमसेन आठवले. भीमसेन जोशींचं बालपण याच भागातलं. अकराव्या वर्षी घर सोडून गुरूच्या शोधात ते रेल्वेनेच निघाले, खिशात पैसे नसताना, सहप्रवाशांच्या मेहेरबानीवर. धाकटा दहाचा आहे. त्याने विचारलं, "टीसीने पकडलं नाही?"

स्टेशनापासून बसस्थानकापर्यंत पुन्हा रिक्षा, पुन्हा तीच घासाघीस.

कोप्पळमार्गे बस. मुनिराबादच्या आसपास तुंगभद्रेच्या धरणाकडे बोट करून माणसं एकमेकांशी बोलायला लागली. ऑगस्टमध्ये १९ नंबरचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला होता, आणि वाहत्या पाण्यात तात्पुरता दरवाजा बसवेपर्यंत इथल्या शेतकऱ्यांची झोप उडाली होती. आता धरण पुन्हा भरलं आहे, असं शेजारच्याने समाधानाने सांगितलं.

उतरलो होस्पेटला. मुक्काम मुद्दाम बसस्थानकासमोर घेतला आहे. खोलीला देखावा नाही. खाली इडली चांगली आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार. हंपी

हंपी होस्पेटपासून तेरा किलोमीटर. बसेस वरचेवर सुटतात, हे बरं. पण हंपी म्हणजे एक ठिकाण नव्हे, पसरलेलं शहर आहे. बस विरूपाक्षाच्या देवळाजवळ सोडते. विठ्ठल मंदिर कुठच्या कुठे. पुन्हा रिक्षा. रिक्षाही मंदिरापर्यंत नाही. शेवटचा किलोमीटरभर बॅटरीवरची गाडी, तिला लांबलचक रांग. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असती तर काय बिघडलं असतं? आई तासभर उभ्या होत्या. एका तरुण मुलाने आपला घडीचा स्टूल दिला म्हणून निभावलं.

दगडी रथापुढे पोरांनी पन्नासची नोट काढून ताडून पाहिली. राजवाड्याच्या भागात नुसती जोती उरली आहेत. कमळमहाल आणि हत्तीशाळा तेवढ्या उभ्या. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली, रामराया पडला, आणि हे शहर लुटलं गेलं. त्यातला वाटा विजापूरला गेला. पहिल्या अली आदिलशहाने विजापूरची तटबंदी त्यानंतरच बांधून काढली. म्हणजे आपण गेल्या आठवड्यात जिथून निघालो तिथेच इथला पैसा गेलेला, हे लेकीने स्वतः जोडलं. आदिलशाही फौजांना कृष्णा ओलांडायला किती कष्ट पडले असतील. आम्ही ती खिडकीत शेंगा खात ओलांडली.

आईंचं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर. विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. विजयनगरच्या राजाने पंढरपूरचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही कथा त्यांना लहानपणापासून पाठ. उद्या कार्तिकी एकादशी. उंबऱ्याशी त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही ते बरंच आहे. तिकडे लोक वाट बघतायत."

१२ नोव्हेंबर, मंगळवार. होस्पेट ते सोलापूर

सकाळी विजापूरची बस. कुष्टगीनंतर इलकल. बस वीस मिनिटं थांबणार, असं कंडक्टर म्हणाला. समोरच दुकान. मी आणि लेक धावलो. इरकली साडीचा पदर वेगळा ताणा घालून अंगाच्या ताण्याला फासे घेत जोडतात. दुकानदाराने साडी उलटून तो जोड बोटाने दाखवला. तांबडा टोपपदर, अंग काळंभोर. आईंना तसलंच लुगडं त्यांच्या सासूचं आठवतं. घेतलं. कंडक्टरने हॉर्न वाजवला, ड्रायव्हरने नाही वाजवला, हेही नमूद करते. कंडक्टर खिडकीतून हात घालून वाजवत होता.

एकादशी म्हणून आईंचा केळी आणि दाण्यांवर दिवस. विजापूरच्या स्थानकात पंढरपूरच्या जादा गाड्या भरून निघत होत्या. गळ्यात वीणा घेतलेले एक आजोबा दारातच उभे, कन्नडमध्ये हरिपाठ म्हणत असावेत. चाल आपलीच होती. सोलापूरसाठी कर्नाटकची बस तयार उभी होती. आई चढेनात. "एसटी येऊ दे. टाकळीपासून मला फुकट आहे." चाळीस मिनिटं थांबलो. त्यांनी वाचवलेल्या पैशांत दोन चहाही आले नसते, पण त्या हक्काच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत.

१३ नोव्हेंबर, बुधवार. सोलापूर

वन्संच्या शेजारणीला डिसेंबरात हीच सहल करायची आहे, तिच्या आईला घेऊन. तिच्यासाठी लिहून दिलं ते इथेही ठेवते.

सोलापूर-विजापूर, विजापूर-बदामी, बदामी-गदग-होस्पेट आणि परत: यातल्या एकाही टप्प्याला गाडी करायची गरज नाही. बस आणि रेल्वे मिळून सगळं होतं, स्वस्तात होतं, आणि कृष्णा खिडकीतून दिसते ती फुकट. अडतं ते उतरल्यावर. बदामी स्टेशन ते बदामी गाव, गदग स्टेशन ते बसस्थानक, हंपीची रांग. त्यासाठी रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा. बदामीत आणि होस्पेटला मुक्काम बसस्थानकाच्या चालण्याच्या अंतरात घ्या. विठ्ठल मंदिर सकाळी पहिल्यांदा करा, बाकीचं हंपी नंतर. ज्येष्ठांचं आधारकार्ड पिशवीच्या तळाशी ठेवू नका. बनशंकरीला जाताना पोट रिकामं ठेवा.

आणि दोन्ही राज्यांच्या परिवहनवाल्यांना एक विनंती. सीमेवरच्या सात-आठ स्थानकांत तरी पाट्या दोन्ही लिप्यांत लावा, आणि बदामीच्या स्टेशनबाहेरची बस गाडी आल्यावर सोडा.